बिनबर्फाची पेटी

रिक्षातून पेटी उतरवताना मानसीच्या पायावर पाणी सांडलं. फार नाही, ओंजळभरही नसेल. पण ते गार होतं, आणि चपलेच्या पट्ट्याखालून बोटांच्या बेचक्यात शिरलं तशी ती दचकून मागे सरली. खारदांड्याहून पेटी घेऊन आलेला रिक्षावाला वैतागला होता. "मॅडम, पूरा सीट भिगा दिया आपके डब्बे ने." तिने त्याला सॉरी म्हटलं, ठरल्याहून जास्त पैसे दिले आणि पेटी मरोळच्या त्या औद्योगिक वसाहतीच्या जिन्याशी ठेवून तिच्याकडे बघत उभी राहिली. पेटीतून पाणी यायचं काही कारण नव्हतं. ही पेटी बिनबर्फाची होती. बिनबर्फाची असणं हाच तिचा एकुलता एक गुण होता. त्यापायी मानसीने चांगली नोकरी सोडली होती, तिचा भागीदार व्हर्नन विमानतळावरच्या शीतगृहातली कायमची जागा सोडून आला होता, आणि त्यापायीच आज दुपारी सरकारी निधीची समिती त्यांच्या गाळ्यात येणार होती.

घाम असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ऑक्टोबरचं ऊन, दमट हवा आणि आत गारठा. अशा पेटीला बाहेरून घाम फुटणारच, शाळेतल्या पोरालाही हे कळतं. तिने पेटी कवेत घेतली, जिना चढू लागली आणि वळणावर थांबली, कारण पाणी आत डुचमळत होतं. घाम आत डुचमळत नाही. गाळ्यात गेल्यावर तिने दार लावून घेतलं. बघायला कुणीच नव्हतं, तरी लावून घेतलं. झाकण उघडलं तसा माशांचा वास आला, तो यायलाच हवा होता. तळाशी चौघडी घातलेलं गोणपाट होतं, चिंब भिजलेलं. तिने ते दोन बोटांत धरून उचललं. खाली बर्फाचा एक चपटा तुकडा, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा, निवांत वितळत पडला होता. मानसीने गोणपाट होतं तसं ठेवलं, झाकण लावलं आणि खुर्चीवर बसली. हे व्हर्ननला कळता कामा नये, हा पहिला विचार तिच्या मनात आला, आणि तो आल्याची तिला लगेच लाज वाटली.

सरकारचा हा निधी जोखमीच्या तंत्रज्ञानासाठी होता. जिथे बँक फिरकत नाही, जिथे खाजगी गुंतवणूकवाले "फार छान आहे, पुढच्या वर्षी भेटू" म्हणून पाणी पिऊन निघून जातात, तिथे सरकार पैसे घालणार. बुडाले तर बुडाले. ऐकायला केवढं मोठं मन! पण सरकारलाही बुडायची हौस नसते, म्हणून त्यांनी आधी पायऱ्या बांधल्या होत्या, एक ते नऊ. पहिली म्हणजे डोक्यातली नुसती कल्पना. चौथी म्हणजे ती प्रयोगशाळेत खरी ठरली. सातवी म्हणजे वापरणाऱ्या माणसाच्या हातात, त्याच्या रोजच्या जागी वस्तू चालली, आणि नववी म्हणजे दुकानात. तंत्रज्ञान किती तयार आहे ते या पायऱ्यांवरून ठरायचं, आणि या निधीला सातवी लागायची. मानसीची पेटी चौथीपर्यंत रीतसर चढली होती. धातूंचं एक मिश्रण होतं, चुंबकाजवळ आणलं की तापणारं आणि दूर नेलं की गार होणारं. ना गॅस, ना बर्फ, ना कॉम्प्रेसरची घरघर. पवईच्या भाड्याच्या प्रयोगशाळेत पेटी पहिल्यांदा थंड पडली तेव्हा ती आणि व्हर्नन टेबलाभोवती नाचले होते. त्या खोलीत एसी चालू होता, ही गोष्ट नाचताना कुणाच्या डोक्यात येते? मग चौथीवरून सातवीवर जायचं म्हणून पेट्या खारदांड्याच्या कोळणींना वापरायला दिल्या. आत तापमान टिपणारा सेन्सर चिकटवला. सेन्सरचा आलेख असा सरळ आला होता की बघत राहावं. कितीतरी संध्याकाळी ती तो आलेख नुसताच उघडून बसली होती, जशी लोकं पोराचा फोटो काढून बसतात. आता तिला कळत होतं तो कशाचा फोटो होता ते. आलेख बर्फाचा होता.

आणि बायकांना विचारायला दुसरं कुणी नव्हतं गेलं, ती स्वतः गेली होती. हेच तिला टोचत होतं. एखादा इंग्रजी शाळेतला पोरगा पाठवला असता आणि त्याने घोळ घातला असता, तर उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणून स्वतःला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण ती भांडुपच्या चाळीतली मुलगी, मराठीत वाढलेली. ती शांताबाईंच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. शांताबाई त्या बायकांतल्या वडील. त्यांनी बशीत चहा ओतून दिला होता, पदराने वारा घातला होता. मानसीने विचारलं होतं, "शांताबाई, पेटी चालते ना?" शांताबाई म्हणाल्या, "चालते." शेजारची म्हणाली, "चालते की." पलीकडची सुकटाची टोपली सारखी करत, मान वर न करता म्हणाली, "चालते गो." जिला जिला विचारलं ती म्हणाली चालते. परतताना मानसी रिक्षात एकटीच हसत होती, आणि त्याच आठवड्यात तिने अर्जात इंग्रजीत लिहून टाकलं की उपकरण प्रत्यक्ष वापरात काम करतं. त्या चालतेचं हे असं भाषांतर तिनेच केलं होतं. कोळणींनी यंत्र चालतं असं म्हटलंच नव्हतं. आम्हाला चालतं, असं म्हटलं होतं. काही वाईट नाही, असू दे, आमची काही तक्रार नाही.

आणि हा शब्द तिला कळू नये? तिच्या घरात तो मिठासारखा वापरात होता. वडील, धाकू, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका इमारतीत लिफ्टमन म्हणून लागले. ज्या हातांनी कापड विणायचे साचे चालवले ते हात आता बटणं दाबत होते. गावाकडचं कुणी आलं आणि काम कसं आहे म्हणून विचारलं, की ते पायांकडे बघत म्हणायचे, "चलता." पंख्याचं एक पातं तुटलं आणि तो वर्षानुवर्षं एका बाजूला लचकत फिरत राहिला, चलता. मानसीला शाळेचे बूट दोन नंबर मोठे आणले, पुढे कापूस कोंबला. चलता गो, पाय वाढतलो. लहानपणी तिला वाटायचं हा आनंदाचाच एखादा शब्द आहे, इतका तो सहज यायचा. पदरी पडलं पवित्र झालं, हे म्हणायला त्यांच्या घरात कुणाला म्हण लागत नव्हती, तो एक शब्द पुरायचा. पहिल्या पगारात मानसीने आईला, विमलाला, मिक्सर घेऊन दिला होता. दर फोनला विचारायची, "आई, मिक्सर चालतो ना?" आणि आई म्हणायची, "चलता मां, झकास चलता." गणपतीला घरी गेली तेव्हा मसाल्याचं वाटप पाट्यावरच चाललं होतं. मिक्सर फळीवर होता, वर विणलेला रुमाल, आणि वायरीवरचं दुकानातलं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तेव्हा ती किती हसली होती! मैत्रिणींना रंगवून रंगवून सांगितलं होतं. आईही हसली होती, पण जरा ओशाळून, आणि म्हणाली होती, "तुका वायट वाटात म्हणान." मानसीने ते ऐकलं होतं आणि गंमत म्हणून सोडून दिलं होतं. आता बंद गाळ्यात पंख्याखाली बसून तिच्या काखा घामाने भिजल्या होत्या आणि जिभेला खिळा चाटल्यासारखी चव आली होती.

अजून आशेची एक फट होती. कदाचित ही एकच पेटी असेल. कदाचित आजच, घाईत, कुणीतरी चुकून. तिने फोन लावला.

"शांताबाई, मानसी बोलते. पेटी पोचली."

"पोचली ना? बरं झालं. आतलं पानी काढून टाक गो, मी घाईत तशीच धाडली."

"शांताबाई, तुम्ही पेटीत बर्फ घालता?"

"मग? बर्फाबिगर म्हावरं राहील काय?" शांताबाई हसल्या. "पन पेटी चांगली हाय हां. बर्फ लय टिकतो. थर्माकोलपेक्षा कधीपन बरी. सगल्या जनी खूश हायेत."

"सगळ्याच घालतात?"

"सगल्याच."

"आणि ते बटण? ते चालू करता ना?"

"करतो ना. त्याच्या बॅटरीवर मोबाइल झकास चार्ज होतो."

मानसीने डोळे मिटले. "मग मी विचारलं तेव्हा तुम्ही चालते म्हणालात..."

"चालतेच तर." पलीकडे बाजाराचा कालवा चालू होता. मग शांताबाईंचा आवाज खाली आला. "अगो बाय, तू उन्हातानाची येतेस, तोंड सुकलेलं. एवढ्या मायेनं पेटी दिलीस, फुकट दिलीस. तुला तोंडावर कोन बोलंल, नाय चालत म्हनून? काय झालं? तुला साहेब ओरडला काय?"

"नाही," मानसी म्हणाली, "कुणी नाही ओरडलं," आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. शांताबाईंचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिचा डाव मायेने मोडला होता, आणि मायेवर रागवायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

व्हर्नन समोसे आणि कागदी बश्या घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. हा मरोळच्याच गावठाणातला, ईस्ट इंडियन. तिच्याशी भांडतो मराठीत आणि माफी मागतो इंग्रजीत. तिचं तोंड बघून त्याने पिशवी खाली ठेवली. लपवायचं ठरवलेलं तिला दोन वाक्यंही लपवता आलं नाही. तिने झाकणच उघडून दाखवलं. त्याने वाकून गोणपाटाचं टोक उचलून पाहिलं.

"वाट लागली," तो म्हणाला. मग लगेच, "नाही. थांब. ऐक गो. समिती आलेख बघणार. आलेख क्लास आहे. गोणपाट ते थोडेच बघणार?"

"आलेख बर्फाचा आहे, व्हर्नन."

"हे तुला माहीत, मला माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची." तो बोलता बोलता गोणपाट पिळून मोरीत टाकत होता, तळ पुसत होता. "पैसे आले की आपण ती खरीच सात करू ना. सगळे असंच करतात, यार. आधी सात म्हणायचं, मग सात करायचं. नाहीतर तो पैसा आहे कशाला? जोखमीसाठीच ना?"

"आणि नाही झाली सात?"

"तर जोखीम!" तो ओरडला. मग बायको आठवली तसा आवाज उतरला. "फ्लेवियाला मी काय सांगू, मानसी? तिला मी सांगितलंय की आज होणार. तिने मम्मीला सांगितलंय. मम्मीने चर्चमध्ये मेणबत्ती लावली."

निधी मिळाला नाही तर गाळा सोडावा लागणार होता, जमवलेली यंत्रं विकावी लागणार होती, आणि व्हर्ननला त्याच शीतगृहाच्या दारात पुन्हा उभं राहावं लागणार होतं. तिला स्वतःला भांडुपला जाऊन सांगावं लागणार होतं, आणि वडील काय म्हणतील तेही तिला ठाऊक होतं. पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती त्या सगळ्याच्या खाली होती आणि तिच्याकडे बघायलाही ती धजत नव्हती: एसीबाहेर, उन्हात, बर्फाशिवाय ही पेटी मुळात थंड होते का, हे तिला माहीतच नव्हतं. इतके महिने ती दुसऱ्याच कशाच्या तरी प्रेमात होती. व्हर्नन बोलत होता, सॅम्पलला बांगडे कुठून आणायचे, पेटी कुठे ठेवायची, आणि ती त्याच्या शर्टाच्या कडक कॉलरकडे बघत हो, हो म्हणत होती. बघ, आपणही तेच करतोय, तिच्या मनात आलं. त्याला वाईट वाटेल म्हणून हो म्हणतोय.

समिती म्हणजे दोनच माणसं निघाली. मधुकर प्रभुणे म्हणून एक निवृत्त शास्त्रज्ञ, पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी. आणि निधीच्या कार्यालयातली रुचिरा, तरुण, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणारी. प्रभुणे भले गृहस्थ होते. त्यांनी समोसा आवडीने खाल्ला, चुंबकाभोवती फिरणारी मिश्रणाची चकती हात लावून पाहिली, मिश्रणात काय आहे ते विचारलं आणि उत्तर ऐकून मनापासून "वा!" म्हणाले. त्या 'वा'ने मानसीच्या अंगावर काटा आला. व्हर्ननने आलेख भिंतीवर लावला. सरळ रेषा. रुचिराने मान डोलावून काहीतरी टाइप केलं. खालच्या मजल्यावरच्या छपाईयंत्राचा ठेका पावलांत जाणवत होता. प्रभुण्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि इंग्रजी सोडून साध्या मराठीत विचारलं, "म्हणजे कोळीवाड्यात, बायकांच्या हातात, पेटी चालते?"

व्हर्ननने तिच्याकडे पाहिलं. आता फक्त एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो खोटाही ठरला नसता. सगळ्या जणींनी तोच उच्चारला होता. उद्या कुणी खारदांड्याला जाऊन विचारलं असतं तरी तोच मिळाला असता. अख्ख्या मराठीत इतका सुरक्षित शब्द दुसरा नसेल. आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. तो तिच्या जिभेवर आयता येऊन बसला होता. तिने तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"बायका त्यात बर्फ घालतात, सर."

प्रभुणे समजले नाहीत. तिने पुन्हा सांगितलं. सगळं सांगितलं, गोणपाट, बॅटरीवरचे मोबाइल, आपण काय विचारलं आणि काय ऐकलं. बोलायला लागल्यावर थांबता येईना. व्हर्नन भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "हात दाखवून अवलक्षण," तेही कुणाला ऐकू जाणार नाही असं. रुचिराचे हात लॅपटॉपवर थांबले होते.

"मग तुमच्या मते पातळी किती?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण अर्जातली जागा भरायची होती.

"चार."

"नक्की?"

"पवईला, एसीत, चार. बाहेरचं मला माहीत नाही."

रुचिराने आकडा बदलला. एक कळ दाबायला लागली फक्त. प्रभुणे उठले, पेटीपाशी गेले, झाकणावर हात ठेवून जरा उभे राहिले. "मॅडम, इतक्या वर्षांत असं सांगणारं मला तरी कुणी भेटलं नाही," ते म्हणाले. "मिश्रण सुंदर आहे तुमचं. काम सोडू नका." मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि दारातून वळून, अगदी प्रेमाने, म्हणाले, "बघू."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरून गेली. व्हर्नन भिंतीपासून सुटला. त्याचं तोंड हळूहळू उजळत होतं. "बघू म्हणाला! ऐकलंस? म्हातारा पटलाय, मानसी. तुझ्या खरं बोलण्यावर पटलाय. चेअरमनच तो, त्याने मनात आणलं तर..."

"व्हर्नन," ती म्हणाली, "तो नाही म्हणाला."

"बघू म्हणाला गं!"

"हो. नाही म्हणाला. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून."

तिला त्याच्यासाठी इतकं वाईट वाटलं की जाऊन त्याचा हात धरावासा वाटला, आणि खोटं काहीतरी बोलावंसं वाटलं. ती बोलली नाही. तिने पेटी खिडकीपाशी ओढली, जिथे दुपारचं ऊन थेट फरशीवर पडत होतं, आणि प्लग लावला. चकती मंद आवाज करत फिरू लागली. पेटी रिकामी होती, तळ कोरडा होता. दोघं फरशीवर बसले, उरलेले समोसे मध्ये ठेवून, आणि कुणीच खाल्ले नाहीत. उन्हाचा पट्टा सरकत सरकत भिंतीवर चढला. व्हर्नन रागावलेला होता, तरी उठून गेला नाही.

"घाल हात," तो शेवटी म्हणाला.

"तू घाल."

"पेटी तुझी आहे."

तिने झाकण उचललं. हात आत घालायला तिला इतकी भीती वाटत होती की लहानपणी मोरीत साप निघाला होता तेव्हाही वाटली नसेल. तिने डोळे मिटले, हात कोपरापर्यंत आत नेला, तळाला पंजा टेकला, आणि तसाच धरून ठेवला.

"थंड आहे?" व्हर्ननने विचारलं.

खोटं बोलायची ओढ पुन्हा आली, सवयीने. तिने ती जाऊ दिली.

"नाही," ती म्हणाली. "गार आहे."

"गार म्हणजे? मासा राहील?"

"नाही राहणार." तिला रडू येत होतं आणि ते तिने आवरलं नाही. "पण बाहेरच्यापेक्षा गार आहे, व्हर्नन. बर्फ नाही, काही नाही, आणि गार आहे. बघ, हात घालून बघ."

त्याने बाही वर सारली.